घोडा हरवलेली घोडी

माझी नात पाचवीत आहे. आमच्या बेळगावातल्या बहुतेक मुलांप्रमाणे तिलाही दिवसातून तीन भाषांत वावरावे लागते: घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि कन्नडाच्या तासाला व गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर कन्नड. गेल्या महिन्यात ती इंग्रजी व्याकरणातले लिंगबदलाचे पान पाठ करत बसली होती, आणि ‘हॉर्स’च्या समोर ‘मेअर’ हा शब्द आल्यावर थांबली. तिने मला विचारले, “आजोबा, आपल्यात घोडा आणि घोडी. कन्नडात कुदुरे आणि हेण्णु कुदुरे. मग इंग्रजीत घोडीला घोड्याचे नाव का नाही?”

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. असा प्रश्न आला की ‘तसेच असते, पाठ कर’ हे उत्तर शिक्षकाच्या ओठांवर आपोआप येते, आणि ते माझ्याही आले होते. मात्र प्रश्न नेमका होता, म्हणून मी ते गिळले. शिवाय बेळगावात ‘मेअर’ असा उच्चार कानावर पडला की मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे महानगरपालिकेतले महापौरपद येते आणि त्यापाठोपाठ ते कोणत्या भाषेच्या नगरसेवकाकडे गेले याची चर्चा सुरू होते. त्या मेयरचा या मेअरशी काडीचाही संबंध नाही. महापौराचा ‘मेयर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे. घोडीची कुळकथा पूर्णपणे वेगळी आहे, आणि ती अशी आहे की एके काळी इंग्रजीच्या पूर्वजांकडेही आपल्यासारखीच घोडा-घोडीची सरळ जोडी होती. त्या जोडीतला घोडा पुढे मेला आणि घोडी तेवढी मागे राहिली.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक या सगळ्या भाषांची जी मूळ जननी मानली जाते, तिला जर्मॅनिक म्हणतात. तिच्यातले लिखाण जवळजवळ काही उरलेले नाही, त्यामुळे तिचे शब्द लेकी-नातींच्या बोलण्यावरून मागे जाऊन मांडावे लागतात, आणि असे मांडलेले शब्द ओळखू यावेत म्हणून अभ्यासक त्यांच्यापुढे तारा काढतात. या तारांकित शब्दांत घोड्यासाठी ‘मर्हझ’ आणि त्यावरून साधलेला घोडीसाठीचा ‘मर्हियो’ असे दोन शब्द आहेत. म्हणजे मूळ शब्द घोड्याचा होता आणि त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून घोडीचा केला होता. हा प्रत्यय संस्कृतातल्या ‘वृक’ आणि ‘वृकी’ या जोडीतल्या ईकाराच्याच जातकुळीचा आहे. आपल्या ‘घोडी’तला ईकार मात्र ‘घोटिका’ या वाटेने आलेला असल्याने तो थेट सख्खा म्हणता येणार नाही, परंतु काम दोघेही एकच करतात.

पुढे ही जोडी निरनिराळ्या घरांत गेली. जुन्या इंग्रजीत घोडा ‘मेआर्ह’ झाला आणि घोडी ‘मेरे’ किंवा ‘म्यूरे’ झाली. जुन्या उच्च जर्मनमध्ये घोडा ‘मराह’ होता आणि घोडी ‘मेरिहा’. प्राचीन नॉर्समध्ये ‘मार्र’ आणि ‘मेर्र’. डच भाषेत घोडीला आजही ‘मेरी’ म्हणतात. या यादीकडे नीट पाहिले तर घोड्याच्या नावात अकार दिसतो आणि घोडीच्या नावात एकार, आणि हा योगायोग नव्हे. पुढच्या अक्षरात ‘इ’ किंवा ‘य’ येणार असला की जर्मॅनिक बोलणाऱ्यांची जीभ आधीचा स्वर उच्चारतानाच पुढे सरकत असे. कालांतराने शेवटचा ‘इ’ गळून गेला, तरी त्याने आधीच्या स्वरावर केलेला परिणाम राहिला. नातीच्या त्याच पानावर याचा एक जिवंत नमुना होता: ‘फॉक्स’ आणि ‘व्हिक्सन’. कोल्हा आणि कोल्ही यांची ही जोडी त्याच रीतीने तयार झालेली आहे, तिच्यातही स्वर बदललेला आहे, फक्त तेथे कोल्हा अजून जिवंत असल्यामुळे दोघांचे नाते डोळ्यांना थोडेफार दिसते. घोडीचा घोडा राहिला नाही म्हणून ती परकी वाटते.

तो गेला कसा? जुन्या इंग्रजीत घोड्याला एकच शब्द नव्हता. ‘मेआर्ह’ होता, ‘एओह्’ होता आणि ‘हॉर्स’ही होता. पैकी ‘एओह्’ म्हणजे आपल्या ‘अश्व’ शब्दाचा सख्खा भाऊ. लॅटिनमधला ‘एक्वुस’, ग्रीकमधला ‘हिप्पोस’ आणि पारशी धर्मग्रंथांतला ‘अस्प’ हे सारे त्याच एका घराण्यातले आहेत. ‘मेआर्ह’ बहुधा काव्यातच सापडतो, म्हणजे मराठीत ‘अश्व’ किंवा ‘वारू’ जसा कवितेत शोभतो आणि बाजारात हास्यास्पद होतो तसा. रोजच्या बोलण्यात ‘हॉर्स’ रुळत गेला आणि हळूहळू इतर दोघांनाही त्याने बाहेर काढले. घोडीला मात्र कोणी हात लावला नाही.

आता या ‘मर्हझ’ला त्याच्या मागे कोण आहे हे पाहावे, तर आपण थेट केल्टिक लोकांच्या दारात जाऊन उभे राहतो. आयर्लंडच्या जुन्या भाषेत घोड्याला ‘मार्क’ म्हणत. वेल्श आणि ब्रेटन भाषांत तो ‘मार्ख’ आहे. तेथे ‘क’ आणि येथे ‘ह’, हा फरक पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली जो नियम पद्धतशीर मांडला, आणि ज्याची बरीचशी निरीक्षणे रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने चार वर्षे आधीच छापली होती, त्यानुसार जुना ‘क’ जर्मॅनिक भाषांत ‘ह’ होतो. शिंगाला लॅटिनमध्ये ‘कोर्नु’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘हॉर्न’, कुत्र्याला ‘कानिस’ आणि ‘हाउंड’. त्याच चालीने ‘मार्क’ आणि ‘मर्ह’.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे थोडे दूरचे वाटेल, पण आम्हा सीमाभागातल्या लोकांना असा ध्वनिबदल शिकण्यासाठी जर्मनीला जाण्याची गरज नाही. जुन्या कन्नडात दुधाला ‘पालु’ म्हणत, आज ‘हालु’ म्हणतात. फूल ‘पूवु’ होते, ते ‘हूवु’ झाले. दहा म्हणजे ‘पत्तु’, त्याचा ‘हत्तु’ झाला. तमिळमध्ये यातला ‘प’ अजून आहे, कन्नडात तो मध्ययुगात ‘ह’ झाला. बेळगावच्या पूर्वेला बसने जाताना पाट्यांवर एकामागून एक ‘हळ्ळी’ येत जातात, त्या सगळ्या पूर्वी ‘पळ्ळी’ होत्या. एका माणसाने ठरवून असे केले नाही आणि एका गावाने केले नाही. संपूर्ण भाषेनेच तो ध्वनी सोडला आणि जेथे जेथे तो होता तेथे तेथे सोडला. ध्वनिनियम म्हणजे काय हे मी नातीला अखेर हालु आणि हत्तु यांवरूनच समजावले आणि ते तिला ग्रिमसाहेबांच्या उदाहरणांपेक्षा लवकर समजले.

केल्टिक ‘मार्क’ची एक नोंद मला विशेष आवडते. इसवी सन पूर्व २७९ मध्ये केल्टिक टोळ्यांनी ग्रीसवर स्वारी केली होती. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियास या ग्रीक प्रवाशाने त्या स्वारीचे वर्णन लिहिताना त्यांच्या घोडदळाची रचना सांगितली आहे. प्रत्येक स्वारामागे त्याचे दोन चाकर घोड्यावर बसून येत. स्वाराचा घोडा पडला तर एक जण आपला घोडा त्याला देई, स्वार स्वतः जखमी झाला तर एक जण त्याला छावणीत नेई आणि दुसरा त्याच्या जागी लढे. तिघांच्या या तुकडीला ते ‘त्रिमार्किसिया’ म्हणत, आणि पौसानियास जाता जाता सांगतो की केल्ट लोक घोड्याला ‘मार्का’ म्हणतात. शिलेदार आणि बारगीर या शब्दांवर वाढलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था फार अनोळखी वाटणार नाही. ‘त्रि’ तर आपलाच आहे. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या लढाईची हकिकत सांगताना एका परक्या लेखकाने सहज लिहून ठेवलेला तो एक शब्द आज इंग्रजी घोडीच्या वंशावळीतला एक भक्कम पुरावा ठरतो.

केल्टांच्या पलीकडे मात्र वाट अंधारी होते. संस्कृतात, ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, लिथुआनियनमध्ये या शब्दाचा मागमूस नाही. संपूर्ण भारत-युरोपीय कुटुंबात तो फक्त पश्चिमेच्या या दोन शेजारी शाखांत सापडतो, आणि ज्यांना अश्वासारखा सर्वत्र पसरलेला शब्द ठाऊक आहे त्यांना हे खटकते. म्हणून काही अभ्यासकांनी पूर्वेकडे नजर टाकली. मंगोल भाषेत घोडा ‘मोरि’ आहे, मांचूमध्ये ‘मोरिन’, कोरियनमध्ये ‘माल’, चिनीमध्ये ‘मा’. घोडा माणसाळला तोच मुळी गवताळ मैदानांत, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे नावही चीनपासून आयर्लंडपर्यंत फिरले असेल, असा हा तर्क आहे. तो ऐकायला फार गोड आहे आणि म्हणूनच मी त्यापासून थोडा दूर राहतो. ज्या इराणी आणि तोखारी भाषा या दोन टोकांच्या मधोमध बोलल्या जात होत्या, त्यांच्यात हा शब्द नाही, तेथे अश्वाचेच नातलग आहेत. मधल्या एकाही गावात न थांबता पाहुणा टोकाला पोहोचला असे म्हणायचे असेल तर त्याला निदान एखादा साक्षीदार लागतो.

परक्या भाषेतून घोड्याचे नाव घेणे यात तसे विचित्र काही नाही. आपला ‘घोडा’ तरी कोठे वैदिक आहे? ऋग्वेदात पानोपानी अश्व आहेत, ‘घोटक’ मात्र नाही. तो नंतर आला, आणि त्याचे नाते कन्नड ‘कुदुरे’ व तमिळ ‘कुदिरै’ यांच्याशी असावे असे अनेक विद्वानांचे मत आहे. ते खरे असेल तर आमच्या गावात दुकानांच्या पाट्यांवरून दोन भाषा एकमेकींशी हमरीतुमरीवर येत असताना, त्याच दुकानांसमोर उभा असलेला घोडा दोन्हींच्या नावांत एकच होता असे म्हणावे लागेल. अश्व मराठीच्या बोलण्यातून गेला आणि पंचांगात जाऊन बसला. आश्विन महिना आला की तो थोडा वेळ डोकावतो.

इथपर्यंत मी नातीला तुकड्या-तुकड्याने सांगत आलो, आणि मग तिनेच पुढचा प्रश्न विचारला: घोडा मेला तर घोडी का नाही मेली? मी काही दिवस या प्रश्नावर अडखळलो. नंतर लक्षात आले की हे फक्त इंग्रजीत घडलेले नाही. लॅटिनमधला ‘एक्वुस’ लोकांच्या तोंडातून गेला आणि त्याच्या जागी ‘काबाल्लुस’ हा ओझ्याच्या, साध्या घोड्याचा शब्द आला. त्याच्यापासून स्पॅनिश ‘काबायो’ आणि फ्रेंच ‘शव्हाल’ झाले. पण ‘एक्वुस’ची मादी ‘एक्वा’ हिला स्पेनमध्ये आजही ‘येग्वा’ म्हणतात आणि पोर्तुगालमध्ये ‘एग्वा’. तेथेही नराचे नाव नवे आणि मादीचे जुने. लिथुआनियात तर अश्वाचा थेट वंशज ‘अश्वा’ हा शब्द उरला आहे, आणि त्याचा अर्थ आहे घोडी. तेथल्या घोड्याला ‘आर्क्लीस’ म्हणतात, ज्याचे मूळ नांगराच्या शब्दात आहे. तीन वेगवेगळ्या भाषांत, एकमेकांशी काही बोलणे झालेले नसताना, घोड्याचे जुने नाव हरवले आणि घोडीने ते सांभाळले.

याचे कारण म्हणून मी जे सुचवतो आहे ते माझे अनुमान आहे, त्याला कोणी प्रमाण मानू नये. घोडा हा रस्त्यावरचा प्राणी आहे. तो लढाईवर जातो, टपालाला जुंपला जातो, बाजारात विकला जातो, परक्या प्रदेशातून येतो आणि येताना तिकडचे नाव घेऊन येतो. जर्मन भाषेत घोड्याला आज ‘फेर्ड’ म्हणतात, ते नाव मूळचे आडवाटेवरच्या टपालासाठी ठेवलेल्या जादा घोड्याचे आहे, आणि ते ग्रीक, केल्टिक आणि लॅटिन अशा तीन भाषांच्या मिश्रणातून तयार झालेले आहे. घोडी पैदाशीसाठी गावात राहते. तिच्याबद्दल जे बोलायचे ते घरातली आणि पागेतली तीच माणसे पिढ्यानुपिढ्या बोलतात, आणि त्यांना नव्या शब्दाची निकड कधी भासत नाही.

हे सुचण्यामागे एक जुनी आठवण आहे. मी लहान असताना आम्ही शहापुरातून स्टेशनला टांग्याने जात असू, आणि ज्यांचा टांगा ठरलेला असे त्या काकांकडे घोडी होती. बाकीच्यांचे घोडे होते. मी त्यांना एकदा विचारले की तुम्ही घोडा का घेत नाही. ते म्हणाले, “घोड्यात ताकद हाय बाळ, खरं घोडी घर वळखती. रात्री मला डुलकी लागली तरी ही टांगा दारात आणून हुबा करती.” टांगे गेले, त्यांच्या मागोमाग गल्लीच्या तोंडाशी बसणारे नालबंदही गेले. आता घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत किंवा गावच्या जत्रेतल्या घोडागाडी शर्यतीत.

जर्मनीत मात्र घोडीचे नशीब वेगळे निघाले, आणि माझ्या अनुमानाला येथे बऱ्यापैकी धक्का बसतो हे मला मान्य केले पाहिजे. तेथेही ‘मेरिहा’पासून झालेला ‘मेऽरे’ हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ घसरत घसरत म्हातारे, हाडे निघालेले, मरतुकडे जनावर असा झाला. चांगल्या घोडीला जर्मन माणूस ‘श्टुटे’ म्हणतो. हा शब्द पूर्वी एका घोडीचा नव्हताच. त्याचा अर्थ पैदाशीसाठी राखलेला घोड्यांचा कळप असा होता, इंग्रजीतला ‘स्टड’ त्याचाच भाऊ आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी उभे राहणे हा अर्थ, म्हणजे आपला ‘स्था’ धातू आहे. स्टुटगार्ट या शहराचे नाव त्याच कळपाच्या बागेवरून पडले आणि त्याच्या नगरचिन्हावर आजही घोडा आहे. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत यंत्रांच्या निमित्ताने हे नाव ज्यांच्या कानावर नेहमी पडते त्यांनी ते एकदा ‘घोड्यांची बाग’ म्हणून ऐकून पाहावे. जर्मन माणसाने पागेचे नाव घोडीला दिले आणि घोडीचे जुने नाव मरतुकड्या जनावराला दिले.

मादीच्या नावाची अशी घसरण कानाला ओळखीची वाटते. स्वीडिश आणि डॅनिश भाषांतही या शब्दाचे रूप बाईला लावले की शिवी होते. आणि आपण काय करतो? ‘एवढी घोडी झालीस तरी अक्कल नाही’ हे वाक्य मी लहानपणी शेजारच्या घरांतून इतक्यांदा ऐकले आहे की त्यात एखादे जनावर आहे हे मला फार उशिरा जाणवले. मुलालाही ‘घोडा झालास’ म्हणतात, पण त्यात थोडे कौतुक मिसळलेले असते. ‘घोडनवरी’ हा शब्द तर सरळ टोचण्यासाठीच केलेला आहे. अर्थात त्यातला ‘घोड’ म्हणजे केवळ ‘फार मोठा’, जसा तो ‘घोडचूक’ या शब्दात आहे, आणि इंग्रजीतही काही ओबडधोबड आणि मोठ्या वस्तूंच्या नावांआधी ‘हॉर्स’ याच अर्थाने लावतात.

मेलेल्या घोड्याकडे पुन्हा वळतो, कारण तो पुरता मेलेला नाही. तो एका समासात लपून बसला आहे आणि त्या समासाला आपण सगळे ओळखतो. फ्रँक लोकांच्या भाषेत ‘मर्ह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर, मिळून ‘मर्हस्काल्क’, घोड्यांचा चाकर. आपल्या भाषेत सांगायचे तर मोतद्दार. हा शब्द लॅटिनमध्ये ‘मारिस्काल्कुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘मारेशाल’ झाला आणि इंग्रजीत ‘मार्शल’ झाला. आठव्या शतकातल्या अलेमानी टोळीच्या कायद्यात १२ घोड्यांवर देखरेख करणाऱ्या मारिस्काल्कुसचा उल्लेख आहे. राजाच्या घोड्यांची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याच्याकडे पुढे घोडदळ आले, घोडदळ ज्याच्याकडे त्याच्याकडे सैन्य आले, आणि खरारा करणारा माणूस चढत चढत सेनापती झाला. ‘कॉन्स्टेबल’चीही अशीच कथा आहे, तो मूळचा तबेल्याचा अधिकारी, फक्त तो सेनापतीच्या पदापर्यंत चढून आपल्याकडे पुन्हा शिपायाच्या जागी उतरला. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये ‘मारेशाल’ हा शब्द दोन्ही टोकांना एकाच वेळी जिवंत आहे. फ्रान्सचा सर्वोच्च सेनानीही मारेशाल आणि घोड्याला नाल ठोकणाराही मारेशाल, केवळ दुसऱ्याच्या नावापुढे लोखंडाशी संबंधित एक शब्द जोडतात.

आपल्याकडे पागे, पागनीस, चाबुकस्वार अशी आडनावे राहिली, तशी तिकडे मार्शल आडनाव राहिले. आमच्या कर्नाटकातल्या कोडगूचे के. एम. करिअप्पा १९८६ मध्ये फील्ड मार्शल झाले, त्यांच्याआधी १९७३ मध्ये सॅम माणेकशा झाले होते, आणि या दोन्ही थोर सेनानींच्या पदनामात घोड्याचा चाकर मुकाट्याने उभा आहे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरले आणि गोंधळ झाला की सदस्यांना मार्शलकरवी बाहेर काढल्याचे वर्तमानपत्रात येते. मला तेव्हा दर वेळी त्या १२ घोड्यांची आठवण होते. एके काळी आमच्या ग्रामीण रस्त्यांवर वडापसाठी ‘मार्शल’ नावाची जीपगाडी धावत असे आणि तिच्यात माणसे ज्या पद्धतीने कोंबली जात ती पाहता गाडीचे नाव तबेल्यातून आले आहे हे पटायला काही हरकत नव्हती.

येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे, कारण नातीने तोही लगेच करून घेतला. इंग्रजीत भयस्वप्नाला ‘नाइटमेअर’ म्हणतात, आणि रात्रीची घोडी असा त्याचा अर्थ तिने आनंदाने लावला. तसे ते नाही. त्यातला ‘मेअर’ हा झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणाऱ्या पिशाच्चाचा शब्द आहे, जुन्या नॉर्समध्ये त्याला ‘मारा’ म्हणत, आणि पोलिश व इतर स्लाव्ह भाषांतही त्याची ‘मोरा’सारखी रूपे आहेत. फ्रेंच ‘कोशमार’मध्येही तोच आहे. ‘रात्री अंगावर कोणीतरी बसले होते’ असे आपल्याकडे खेड्यांत सांगतात, तो हा अनुभव. दोन निराळे शब्द उच्चारात एक होऊन गेले आणि लोकांनी त्यांना नातेवाईक मानून टाकले. हेन्री फ्यूझेली या चित्रकाराने १७८१ साली या विषयावर रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात निद्रिस्त स्त्रीच्या छातीवर पिशाच्च बसलेले आहे आणि पडद्याआडून एका घोड्याचे डोके आत पाहते आहे. त्या डोक्याला तेथे बोलावले कोणी, हे आता सांगण्याची गरज नाही.

घोडीचे असे लपलेले नाव मराठीतही आहे, आणि ते आपण देवघरात उच्चारतो. हनुमान वडवानल स्तोत्र म्हणणारी घरे आमच्या शहापूर-वडगावात पुष्कळ आहेत. वडवा म्हणजे घोडी. समुद्राच्या तळाशी घोडीच्या मुखातून धगधगणारा अग्नी तो वडवानल. सूर्याची पत्नी घोडीचे रूप घेऊन अरण्यात गेली आणि तिच्या पोटी अश्विनीकुमार जन्मले, ही कथाही त्याच परंपरेतली. अमरकोशात घोडीची नावे एका ओळीत दिली आहेत: ‘बालः किशोरो वाम्यश्वा वडवा वाडवं गणे’. वामी, अश्वा आणि वडवा या तिन्ही घोड्या, आणि घोड्यांच्या या माद्यांचा कळप तो वाडव. जर्मन माणसाने कळपाच्या नावावरून घोडीचे नाव केले, आपल्या पूर्वजांनी घोडीच्या नावावरून कळपाचे केले.

हे सगळे ऐकून झाल्यावर नातीने वहीत ‘मेअर’ या शब्दाशेजारी पेन्सिलीने ‘हिचा घोडा वारला’ असे लिहिले. वही तपासून आली तेव्हा त्याखाली लाल शाईने एक प्रश्नचिन्ह होते. मग तिने अमरकोशातल्या त्या ओळीचा पहिला भाग मला पुन्हा म्हणायला लावला आणि किशोर म्हणजे काय ते विचारले. घोड्याचे पिल्लू, शिंगरू, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ मी सांगितला आणि सांगताक्षणीच माझी चूक मला कळली, कारण तिच्या वर्गात याच नावाचा एक मुलगा आहे आणि तो तिच्याच बाकावर बसतो. शाळेत हे कोणाला सांगायचे नाही असे मी तिला बजावले आहे. तिने मान हलवली, पण ती हलवताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.